दहा ग्रॅमचं वजन

प्रिय गुंजे,

आज तेवीस दिवस झाले, तुझा फोन नाही. मी दिवस मोजत नव्हते, असं लिहिणार होते; पण जन्मभर मोजण्यामापण्याचा धंदा केलेल्या बाईने असलं खोटं लिहू नये. मीही फोन केला नाही, कारण फोनवर माझी जीभ माझ्या पुढे धावते, आणि त्या मंगळवारी ती कुठे जाऊन आपटली ते तुला माहीत आहे. पत्राचं बरं असतं. चुकलं तर खोडता येतं, आणि खोडलेलं समोरच्याला दिसतंही. या पत्राबरोबर एक पत्र्याची डबी पाठवली आहे, खोकल्याच्या गोळ्यांची जुनी. पत्र वाचून संपेपर्यंत ती उघडू नकोस. लहानपणी तुला असं बजावलं की तू आधी डबी उघडायचीस आणि मग साळसूद चेहरा करून माझं ऐकायचीस. आता एवढी मोठी झालीस, तेवढा धीर धर. आत खाऊ नाही.

त्या मंगळवारी मी जे बोलले त्याच्याकडे मला यायचंच आहे, पण मला सरळ येता येत नाही, हे तू जाणतेसच. आधी इकडची हकिगत ऐक. तुझ्याशिवाय तिला दुसरं गिऱ्हाईक नाही.

तीन महिन्यांपूर्वी ती बातमी आली, तेव्हा सगळ्यात आधी कंपाउंडरकाका दुकानात आले. एरवी ते तीनला येतात, तेव्हा अकरालाच आले, वर्तमानपत्र छातीशी धरून. पहिल्या पानावर जाड अक्षरात 'नवा कण सापडला', आणि आत, मुंगीने लिहावं तशा अक्षरात, 'सापडला असण्याची शक्यता'. फोटोत तुम्ही बाराजण त्या यंत्रापुढे उभे होता, तू डावीकडून चौथी, केस नेहमीप्रमाणे न विंचरलेले. काका म्हणाले, "वहिनी, हे कापा. माझ्या हातून वाकडं जाईल." मी कात्री घेऊन ते कापलं. तुझी सगळी कात्रणं त्यांच्या वहीत आहेत, ते तुला माहीत आहे. पण त्यातलं एकही त्यांनी स्वतः कापलेलं नाही. कापायचं मी, डकवायचंही मी, त्यांनी फक्त कुठे डकवायचं ते बोटाने दाखवायचं, तेही डाव्या हाताच्या. उजवा हात खिशात.

आणि मग गावाला तुझ्या त्या कणाचा ताप चढला. 'शक्यता' हा शब्द मी प्रत्येकाला सांगत होते बरं का. तू फोनवर तीन वेळा बजावलं होतंस, आई, सापडला म्हणू नकोस, शक्यता म्हण. मी म्हणायचे. पण तो शब्द दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेला की वाटेतच गळून पडायचा. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने दुसऱ्याच दिवशी करंगळीच्या नखाएवढी बिस्किटं काढली आणि 'नवा कण' अशी पाटी लावली. पुडीत भरताना त्याची निम्मी बिस्किटं बोटांच्या फटीतून सांडायची, पण खपली मात्र धडाधड. शिंपीदादाने विचारलं की याने कापड स्वस्त होणार का. मी नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला, तरी गिऱ्हाइकांना तो 'आपली पोर' म्हणूनच सांगत होता, ज्या पोरीचा फ्रॉक त्याने एकदा दोन बोटं आखूड शिवला होता. समोरच्या मावशींना भीती वाटली की असला कण घरात शिरला तर काय. त्यांना धीर द्यावा म्हणून मी सांगितलं, अहो, आमची मुलगी म्हणते की अशा कितीतरी गोष्टी रात्रंदिवस आपल्या अंगातून आरपार जात असतात, काही होत नाही. माझंच चुकलं. मावशी दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत.

हेडबाईंनी शाळेच्या फाटकाशेजारी भिंत रंगवून घेतली. तुझं नाव, तुझं इयत्ता सातवीचं चित्र, ज्यात तुझा पुढचा दात अर्धा आहे, आणि खाली 'नव्या कणाच्या शोधात आपल्या शाळेचा वाटा'. मी म्हटलं, बाई, शक्यता लिहा. त्या म्हणाल्या, भिंतीवर जागा उरली नाही. मला सगळे आजवर तराजूवाली म्हणायचे. आता अनोळखी माणसं दुकानाच्या दारात उभी राहून एकमेकांना सांगू लागली, हीच ती, कणवाल्या पोरीची आई. काही जण नुसती मला बघायला म्हणून चांगला तराजू दुरुस्तीला आणत. मला ते आवडत होतं, गुंजे. खोटं कशाला बोलू, फार आवडत होतं. आरशात बघून केस विंचरून मी दुकान उघडू लागले होते.

लोकांना समजावून सांगायची माझी एक रीत ठरून गेली होती. मी म्हणायचे, समजा आपण साऱ्या गावाला एकेक करून काट्यावर उभं केलं आणि कोण किती किलोचा ते लिहून ठेवलं. काही हलके, काही जड, मधले पुष्कळ, असा त्या आकड्यांचा एक गुळगुळीत डोंगर होणार. पण एकाच ठिकाणी, समजा त्रेसष्ट किलोपाशी, माणसं जरा जास्तच निघाली, डोंगरावर एक उंचवटा दिसला, तर तिथे काहीतरी असलं पाहिजे. आमच्या मुलीला तसा उंचवटा दिसलाय. तो खरा की मोजण्यातला गोंधळ, हे बघायचं काम तिचं आहे. ती कण शोधणारी नाही, काटा बरोबर आहे का ते बघणारी आहे. शेवटचं वाक्य म्हणताना माझी मान आपोआप ताठ व्हायची, कारण ते काम तू कुठून शिकलीस ते मला ठाऊक होतं.

तुला आठवतं का, तुझे बाबा गेले त्या वर्षी तू सात वर्षांची होतीस. त्यांनी आजारपणाच्या पाच महिन्यांत अंथरुणावरून मला सगळा धंदा शिकवला. दांडीची धार कशी बघायची, पारडी अदलाबदल करून खोटा तराजू कसा पकडायचा, दुकानदाराच्या वजनाच्या पोटातलं शिसं कोरून किंवा भरून ते बरोबर कसं करायचं. आणि प्रमाण वजनांची ती लाकडी पेटी, आत मखमल, पितळेची अकरा वजनं उतरत्या क्रमाने. त्या पेटीतल्या वजनांवर सगळं गाव तोललं जायचं. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायची, हे तू माझ्याआधी शिकलीस. आणि रविवारी सकाळी आपण दोघी उन्हात बसून ती वजनं चमकवायचो. मऊ फडकं, पितळ घासायची भुकटी. तू चिमट्याने एकेक उचलून माझ्या फडक्यात ठेवायचीस, मी घासायचे, तू परत मखमलीत नेऊन ठेवायचीस. तोंड दिसेपर्यंत घासायचो. दहा ग्रॅमचं तुझं सगळ्यात लाडकं. तुझ्या एका मुलाखतीत तू हे सांगितलंस, की मोजण्याची आवड मला त्या रविवारांनी लावली. काकांनी ते कात्रण माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना मी मध्येच चष्मा काढून पुसत बसले. त्यांना वाटलं मला भरून आलं.

आता तो मंगळवार. तुझा फोन आला तेव्हा दुकानात हेडबाई बसल्या होत्या, भिंतीच्या उद्घाटनाला कुणाला बोलवायचं त्याची यादी घेऊन. तू म्हणालीस, "आई, एकटी आहेस का?" आणि मी एकटी नसताना हो म्हणाले. तू सांगितलंस की यंत्राच्या गरम-थंड होण्याने आकड्यात जो फरक पडतो, तो काढून टाकायची दुरुस्ती दोनदा लागली आहे. एकदा लागायला हवी, ती दोनदा लागली. ती चार वर्षांपूर्वी तूच लिहिली होतीस. एकदाच लावून पाहिलं तर उंचवटा जवळजवळ राहत नाही. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुझा आवाज अगदी लहान झाला होता. तू विचारलंस, काय करू. आणि मी समोरच्या यादीकडे बघत म्हणाले, कुणी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर आपण होऊन विहिरीत उडी कशाला मारायची? एवढी शहाणी माणसं आहेत तिथे, त्यांचं त्यांना कळेल. तू म्हणालीस, "आई, तू असं म्हणतेस?" आणि फोन ठेवलास.

तू 'तू' या शब्दावर जो जोर दिलास, तो तेवीस दिवस माझ्या कानात आहे.

पुढचं मला वर्तमानपत्रातूनच कळलं, सगळ्या गावाबरोबर. दोन आठवड्यांनी छापून आलं की तो कण नाही, मोजणीतली चूक होती, आणि ती त्याच गटातल्या एका बाईने स्वतः शोधून जाहीर केली. ही बातमी आतल्या पानावर होती, खतांच्या जाहिरातीखाली. पण ती वाचायला लोकांना भिंग लागलं नाही. संध्याकाळपर्यंत शिंपीदादाने ऐकवलं, "मग एवढी वाजंत्री कशाला वाजवली?" जणू काही मीच सनई घेऊन बसले होते. बेकरीवाल्याने 'नवा कण'च्या पाटीवर 'नवा' खोडून 'हरवलेला' लिहिलं आणि बिस्किटं निम्म्या भावात विकायला काढली. एक गृहस्थ, ज्यांचा काटा मी वीस वर्षं दुरुस्त करते, ते म्हणाले, "पोरीने सगळ्या गावाचं हसं केलं हो." मी त्यांचा काटा तसाच परत दिला आणि सांगितलं, दुसरीकडे न्या. एकट्या मावशी तेवढ्या खूश झाल्या. कण नाही म्हटल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या.

शुक्रवारी हेडबाईंनी निरोप पाठवला की तू चूक जाहीर केलीस त्या भाषणाचं चित्रण शाळेच्या संगणकावर बघता येतंय, या. मी आणि काका गेलो. सातवीच्या वर्गात, लहान बाकांवर गुडघे दुमडून बसलो. मला तुमची भाषा कळत नव्हती, हेडबाई मधूनमधून सांगत होत्या. पण मला तू कळत होतीस. केवढं मोठं ते सभागृह, आठशे माणसं, आणि तू त्या उंच टेबलामागे एवढीशी. पाण्याचा पेला उचललास आणि न पिता खाली ठेवलास. मग उंचवट्याचा आलेख दाखवलास आणि म्हणालीस, "यात एक चूक आहे. ती माझी आहे. ती मी अशी केली." हेडबाईंनी हे तीन वेळा थांबवून लावलं. पुढे तू काहीच लपवलं नाहीस. कुठल्या दिवशी लिहिलं, कुठल्या ओळीत, तपासताना कसं निसटलं, सगळं. स्वतः एकटीने ठरवलं नाहीस, दुसऱ्या दोन गटांकडे काहीही न सांगता तेच काम दिलंस आणि त्यांचंही तेच उत्तर आलं, हेही सांगितलंस. शेवटी दुसरा आलेख दाखवलास. गुळगुळीत डोंगर, उंचवटा नाही. मग पुढच्या रांगेतले ते पांढऱ्या केसांचे म्हातारे, ज्यांनी या कणासाठी तीस वर्षं घातली असं हेडबाई म्हणाल्या, ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळे उठले. तू मात्र टाळ्या संपायची वाट बघत होतीस, कारण तुझा एक आलेख दाखवायचा राहिला होता.

गुंजे, मी आजवर तुझं पुष्कळ कौतुक केलं. परीक्षेत पहिली आलीस तेव्हा, परदेशी गेलीस तेव्हा, पेपरात फोटो आला तेव्हा. ते सगळं कौतुक मी आज परत घेते आणि एकाच ठिकाणी ठेवते. त्या आठ मिनिटांत तू जेवढी मोठी दिसलीस, तेवढी मोठी कुठलाही कण सापडून दिसली नसतीस. हेडबाईंनीही, त्यांच्या जिवावर आलं असेल, पण भिंत पुसली नाही. 'शोधात'च्या आधी बारीक अक्षरात 'चुकीच्या' असं घालून घेतलं. 'नव्या कणाच्या चुकीच्या शोधात आपल्या शाळेचा वाटा.' मी म्हटलं, बाई, याचा अर्थ भलताच होतो. त्या म्हणाल्या, मुलांना मी वर्गात समजावून सांगते, अर्थ भिंतीवर मावत नाही. आणि खरोखरच त्या रोज एका वर्गाला ते चित्रण दाखवतात.

वर्गातून बाहेर पडताना काका म्हणाले, "वहिनी, चूक कोण करत नाही? पण स्वतःची चूक स्वतः उचलून चारचौघांत काट्यावर ठेवणारी एवढी एकच बघितली. हे तुमच्याकडून आलं तिच्यात." असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने फाटक उघडलं. उजवा हात खिशातच होता. मला त्या फाटकातून पुढे पाऊल टाकवेना.

आता सांगते. तुझ्या बाबांना मला सगळं शिकवायला वेळ मिळाला, एक सोडून. प्रमाण वजनं कधीही घासायची नसतात. काळी पडली तरी नाही. घासलं की पितळ जातं, दिसत नाही पण जातं. दुकानदारांची वजनं ते घासूनपुसून द्यायचे, ते मी बघितलं होतं, म्हणून मला वाटलं पेटीही लखलखीत असली पाहिजे. बाईच्या हातात धंदा गेला म्हणून घाण ठेवली असं कुणी म्हणू नये. दीड वर्ष, दर रविवारी. यात तुझा काही दोष नाही, तू सात-आठ वर्षांची होतीस आणि मी सांगेन ते करत होतीस. त्या हलक्या झालेल्या वजनांवरून मी गावभरची वजनं बरोबर करत होते, म्हणजे चुकवत होते. किराणावाल्याला तेवढ्याने काही फरक पडत नाही. पण औषधाच्या दुकानात पडतो. लहान वजनांना घासणं जास्त बाधतं, आणि काका तेव्हा तिथे आतल्या टेबलावर औषध तोलून पुड्या बांधायचे, दहा-दहा ग्रॅमच्या. हातात जादू होती त्यांच्या. एकदा दवाखान्यात त्यांच्या शंभर पुड्या एकत्र तोलल्या गेल्या, तर जवळजवळ एका पुडीएवढं कमी भरलं. पुन्हा तोलल्या, पुन्हा तेच. दुकानाचे मालक भले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, वय झालं, हात थरथरत असेल, आता तुम्ही पुढे गल्ल्यावर बसा. काका तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते.

हे कळलं तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, ते तू दहा वर्षांची असताना सांगितलं असतंस. थरथरणारा हात कधी जास्त टाकतो, कधी कमी. शंभर पुड्यांत ते जिथल्या तिथे फिटतं. सगळ्याच पुड्या सारख्या हलक्या असतील तर दोष हाताचा नसतो. पण मला तेव्हा ते सुचलं नाही. चार महिन्यांनी एका सोनाराकडे कारखान्यातून नवी वजनं आली आणि माझ्या वजनांशी जुळेनात. मी पारडी अदलाबदल केली. तराजू खरा निघाला. मग सगळं एकदम कळलं, त्या हातासकट. आणि मी कुणालाही बोलले नाही. नवी पेटी मागवली. वार्षिक साफसफाई म्हणून फुकट दारोदार फिरले आणि सगळ्यांच्या वजनांत शिसं परत भरलं. औषधाच्या दुकानात म्हणाले, जरा सैल झालं होतं. मी वाट चुकवलेली वजनं मीच पुन्हा वाटेला लावते आहे, असं स्वतःला समजावलं. पुढचं ऐक. काकांच्या जागी आलेल्या नव्या माणसाच्या पुड्या बरोबर भरू लागल्या. भरणारच, वजनं मी नीट केली होती. सगळे म्हणाले, बघा, हातच होता. काकाही तेच म्हणाले. त्या दिवसापासून तो हात त्यांनी खिशात घातला. नात झाली तेव्हा तिला पहिल्यांदा घ्यायला नको म्हणाले, पडेल म्हणून. मी तिथेच होते, गुंजे. मीच तिला त्यांच्यापुढे केलं होतं.

कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. त्या मंगळवारी तुला दिलेलं ते शहाणपण माझं सत्तावीस वर्षांचं आहे.

रविवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर चहा आला असता आणि मी फिरले असते. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता?" मी हो म्हणाले. ते उठले, स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणि जुनी मासिकं घेऊन आले. कागद फाडले आणि काही न बोलता पुड्या बांधू लागले, दहा ग्रॅमच्या, अंदाजाने, उजव्या हाताने. सुरुवातीला तो हात खरंच थरथरला. सत्तावीस वर्षं खिशात राहिलेला हात तो, आणि वयही आता शहात्तर. पण चौथ्या-पाचव्या पुडीपासून घडी अशी पडू लागली की मी बघतच राहिले. दहा पुड्या घेऊन आम्ही दोघं दुकानात आलो आणि मी त्या तोलल्या. नऊ इतक्या बरोबर की काटा जेमतेम हलला. दहावी जड निघाली. काका म्हणाले, "ती म्हातारपणाची." मग पुड्यांकडे बघत म्हणाले, "ही असती तर तिला दाखवल्या असत्या." काकू गेल्याला चार वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांच्या शर्टाची बटणं त्याच लावून देत, त्यांच्या हातातून सुटतील म्हणून. मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते आज मला जमणार नाही, वहिनी. पण भाषणाचं कात्रण राहिलंय ना, कात्री द्या." त्यांनी ते स्वतः कापलं. कडेने थोडं वाकडं गेलं. वहीत तसंच लावलंय.

आता डबी उघड. ओळखलंस ना, तुझं लाडकं. ती जुनी पेटी मी नष्ट केली होती, पण हे एक मला टाकवलं नाही, आणि याच्याकडे बघायची हिंमतही झाली नाही. ते नक्की किती हलकं झालं, हे मी सत्तावीस वर्षांत एकदाही तोलून पाहिलं नाही. काकांना तो आकडा हवा आहे. माझ्याकडे काटा आहे, नवी पेटी आहे, पण ज्याने चूक केली त्यानेच ती मोजायची नसते, हे तू दाखवून दिलंस. आणि तुझ्याएवढा माझा दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर विश्वास नाही. तुमच्याकडे सगळे कणांच्या मागे, पण दहा ग्रॅमचा चांगला काटा शेजारच्या रसायनवाल्यांकडे असेलच. चिमट्याने उचल. पुसू नकोस. दोनदा तोल, आणि मग दुसऱ्या कुणाला काही न सांगता तोलायला दे. पत्र लिहायचं कारण एवढंच. त्या मंगळवारी तू विचारलेल्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर खोडते आहे, आणि खोडलेलं तुला दिसावं असं मला वाटतं. आकडा आला की फोन कर, आमच्या तीनच्या सुमाराला, काका तेव्हा इथे असतात. गोल करून सांगू नकोस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. काट्यावर जेवढे अंक दिसतील तेवढे सगळे हळू हळू वाच. लिहून काका घेणार आहेत.

तुझीच, फोनपाशी बसलेली,
आई